आजारपणामुळे नोकरी सुटतेय? राजीनाम्याआधी अपंगत्व पेन्शन बघा, पन्नाशीनंतरचं कापलेलं पेन्शन मागाहून

पक्षाघात, मणक्याचं मोठं ऑपरेशन, डायलिसिस, गेलेली दृष्टी, मशीनवरचा अपघात. कारण कोणतंही असो, पन्नाशी ओलांडलेल्या खासगी नोकरदाराला ऑफिसात पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: "राजीनामा द्या, पन्नास झालीत ना, पीएफचं पेन्शन लगेच सुरू होईल." पेन्शन सुरू होतं हे खरं. पण ते कापलेलं असतं आणि जन्मभर तसंच राहतं. त्याच माणसाला बिनकपातीचं पेन्शन मिळण्याची शक्यता होती, हे त्याला राजीनामा मंजूर झाल्यावर कळतं. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. कोणता कागद आधी, कोणता नंतर, आणि क्रम चुकला तर पैसा नेमका कुठे जातो.

योजना एक, दरवाजे दोन

कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे ईपीएस-९५, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिच्यात जातात. ते जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर मोजतात, म्हणजे महिन्याला कमाल १,२५० रुपये. योजनेचं निवृत्तीचं वय ५८. कंपनीत ६० पर्यंत नोकरी असली तरी योजनेच्या हिशेबात ५८ च धरतात.

५८ च्या आधी सभासदाला स्वतःला पेन्शन मिळण्याचे दोन दरवाजे आहेत.

पहिला, मुदतपूर्व पेन्शन, परिच्छेद १२ मधलं. वय ५० पूर्ण हवं, १० वर्षांची पात्र सेवा हवी (साडेनऊ वर्षं भरली तर १० धरतात) आणि पीएफ लागू असलेली नोकरी सुटलेली हवी. ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके दर वर्षाला ४ टक्के कापतात. ही कपात ५८ पूर्ण झाल्यावर उठत नाही, शेवटपर्यंत राहते.

दुसरा, अपंगत्व पेन्शन, परिच्छेद १५ मधलं. इथे वयाची ५० ची अट नाही आणि १० वर्षांचीही नाही. योजनेत निदान एका महिन्याची वर्गणी जमा असली की पुरे. वयामुळे कपात होत नाही. अपंगत्व आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेन्शन लागू होतं आणि आयुष्यभर मिळतं. ५८ व्या वर्षी ते बंद होऊन दुसरं सुरू होत नाही, तेच पुढे चालू राहतं.

दुसऱ्या दरवाजाच्या अटी दोनच, पण त्या शब्दशः वाचायला हव्यात. अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असावं, आणि ते कायमचं व संपूर्ण असावं. "संपूर्ण" हा शब्द वाचून बरेच जण इथेच माघार घेतात: मी अंथरुणाला खिळलेलो नाही, मला कोण देणार? पण योजनेत वैद्यकीय तपासणीची कसोटी अशी आहे: अपंगत्व आलं तेव्हा माणूस जे काम करत होता, त्या कामासाठी तो कायमचा आणि पूर्णपणे अयोग्य झाला आहे का? जगातलं कुठलंच काम येणार नाही, अशी ही कसोटी नाही. क्रेन चालवणाऱ्याची नजर गेली, वेल्डरच्या उजव्या हातातली पकड गेली, तर प्रश्न क्रेनचा आणि वेल्डिंगचा आहे.

याचमुळे युडीआयडी कार्डावरच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरच्या) टक्केवारीवर भिस्त ठेवू नका. ४० टक्के दाखला असूनही माणूस आपलं टेबलावरचं काम व्यवस्थित करत असेल, तर हे पेन्शन नाही. टक्का फार मोठा नसला आणि नेमकं तेच काम कायमचं सुटलं असेल, तर मागणी उभी राहते. कार्ड जरूर काढा, इतर सवलतींना लागतं. पीएफ कार्यालयापुढे मात्र कामाबद्दलचं वाक्य महत्त्वाचं.

रुपयांत फरक किती पडतो

पेन्शनचं सूत्र साधं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी. १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा लागते, नंतरच्या सेवेला १५,००० ची.

समजा एक बाई १ सप्टेंबर २००६ ला नोकरीला लागल्या. पगार कायम मर्यादेच्या वर. ३१ ऑगस्ट २०२४ ला, वयाच्या ५२ व्या वर्षी, आजाराने काम सुटलं. सेवा १८ वर्षं.

पहिली ८ वर्षं: ८ × ६,५०० ÷ ७० = ७४३ रुपये.
पुढची १० वर्षं: १० × १५,००० ÷ ७० = २,१४३ रुपये.
एकूण २,८८६ रुपये.

अपंगत्व पेन्शन मंजूर झालं तर लगेच २,८८६. राजीनामा देऊन ५२ व्या वर्षीच मुदतपूर्व पेन्शन घेतलं तर सहा वर्षांच्या कपातीनंतर हातात सुमारे २,२००. दोन्ही रकमा तुटपुंज्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण औषधांवर जगणाऱ्या घरात महिन्याला सातशे रुपये म्हणजे अर्धी केमिस्टची चिठ्ठी असते, आणि ही तूट कधी भरून निघत नाही.

अपंगत्व पेन्शन बसतच नसेल, तर ५८ पर्यंत थांबावं की आत्ताच घ्यावं? याच उदाहरणात आत्ता घेतलं तर ५८ पर्यंत ७२ महिन्यांत साधारण १ लाख ५८ हजार मिळतात. थांबलं तर ५८ नंतर दरमहा ६८६ रुपये जास्त. पुढे गेलेले पैसे गाठायला सुमारे १९ वर्षं लागतात, म्हणजे वयाची ७७ उजाडते. प्रकृती गंभीर असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल तर थांबण्यात शहाणपण नाही, हे आमचं स्पष्ट मत. आजार आटोक्यात असेल आणि घरात दुसरा पगार असेल, तर थांबा.

सेवा कमी असलेल्यांचं नुकसान याहून मोठं होतं, आणि तेही स्वतःच्या सहीनं. ३४ वर्षांचा तरुण, तीन वर्षांची नोकरी, पगार १५,०००. अपघातानंतर कोणीतरी फॉर्म १०-सी भरून देतं: "पेन्शनचे पैसे काढून टाक." हातात साधारण ४६-४७ हजार येतात आणि सभासदत्व संपतं. परिच्छेद १५ खाली त्याचं सूत्रानुसार पेन्शन ६४३ रुपये निघालं असतं, पण १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे. म्हणजे चार वर्षांच्या आत ४७ हजारांची बरोबरी झाली असती आणि त्यापुढे जन्मभर पेन्शन. अपंगत्वाचा प्रश्न आहे तोवर १०-सी ला हात लावू नका. कोणी कितीही घाई केली तरी.

आधी पासबुक बघा

यूएएन (पीएफचा कायमचा सभासद क्रमांक) पासबुकात तीन रकाने असतात: तुमचा वाटा, मालकाचा वाटा, पेन्शन. तिसऱ्या रकान्यात दरमहा रक्कम दिसते का ते बघा. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेले आणि पगार १५,००० च्या वर असलेले लोक पेन्शन योजनेत नसतातच. त्यांचा तो रकाना शून्य असतो. तसं असेल तर हे दोन्ही दरवाजे नाहीत, ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या भागाकडे वळा.

जुन्या नोकऱ्यांची सेवा वेगळ्या खात्यात अडकली असेल तर ती आत्ताच वर्ग करून घ्या. नाव, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आधारशी जुळतं का पाहा. जुळत नसेल तर संयुक्त घोषणापत्राने दुरुस्ती होते, पण ते बऱ्याचदा मालकाकडून पुढे जातं. तुम्ही अजून हजेरीपटावर आहात तोवर ही सही पटकन मिळते. नंतर फेऱ्या माराव्या लागतात.

एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे रक्कम गुपचूप घटते: आजारपणात बिनपगारी रजा जाते. मालकाने मासिक विवरणात ते दिवस "वर्गणी नसलेले दिवस" म्हणून दाखवायला हवेत. नियम असा आहे की ६० महिन्यांत मिळालेला एकूण पगार प्रत्यक्ष पगार मिळालेल्या दिवसांनी भागायचा आणि ३० ने गुणायचा. म्हणजे बिनपगारी दिवसांनी सरासरी खाली येत नाही. पण रकाना शून्य ठेवून नुसता कमी पगार दाखवला, तर तुमचा पगारच कमी होता असा अर्थ निघतो. अकाउंट्सवाल्यांकडून शेवटच्या दोन-तीन वर्षांची विवरणं तपासून घ्या.

आता क्रम

पहिलं काम डॉक्टरांकडे. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून सविस्तर दाखला घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: निदान, अपंगत्व कोणत्या तारखेपासून आहे ती तारीख, सुधारणा अपेक्षित नाही असं स्पष्ट वाक्य, आणि तुमच्या कामाचं वर्णन देऊन त्या कामासाठी कायमचे अयोग्य असल्याचं मत. डॉक्टरांना तुमचं काम ठाऊक नसतं. "प्रेस मशीन ऑपरेटर, आठ तास उभं राहून, २० किलोपर्यंत वजन उचलणं" असं एका कागदावर लिहून द्या, शक्य असेल तर कंपनीच्या शिक्क्यासह. नुसतं "विश्रांतीचा सल्ला" किंवा "हलकं काम द्यावं" असं लिहिलेला दाखला तुमच्याच विरोधात जातो. हलकं काम करू शकतो, म्हणजे अपंगत्व संपूर्ण नाही, असा अर्थ लावायला तो वाव देतो.

तारीख सगळ्यात महत्त्वाची. नोकरी सुटल्याच्या तारखेनंतरची अपंगत्वाची तारीख पडली की "नोकरीत असताना" ही अट मोडते आणि दावा तिथेच संपतो.

दुसरं काम कंपनीला पत्र. राजीनामा लिहू नका, "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द तर मुळीच नकोत. मजकूर साधारण असा ठेवा:

"मी आपल्याकडे दि. … पासून … या पदावर काम करत आहे. दि. … पासून मला … या आजारामुळे/अपघातामुळे कायमचे व संपूर्ण अपंगत्व आले असून मी सदर कामासाठी कायमस्वरूपी अयोग्य झालो/झाले आहे. वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. माझी सेवा कायमच्या अपंगत्वाच्या कारणास्तव समाप्त झाल्याची नोंद पीएफच्या नोंदींत घ्यावी, तसेच कर्मचारी पेन्शन योजना १९९५ च्या परिच्छेद १५ खालील दावा, भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांचे अर्ज पुढे पाठवावेत."

दोन प्रती काढा, एका प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

तिसरं, नोकरी सुटल्याचं कारण. पीएफच्या ऑनलाइन नोंदीत ते एका यादीतून निवडावं लागतं: सेवासमाप्ती, निवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व वगैरे. तुमच्या बाबतीत "कायमचं अपंगत्व" हेच हवं. सवयीने "सेवासमाप्ती" टाकली जाते, आणि मग फॉर्म एक सांगतो, नोंद दुसरंच. चुकलं असेल तर सुटण्याचं कारण संयुक्त घोषणापत्राने बदलता येतं. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाल्यावर सभासदाला स्वतः तारीख नोंदवता येते, पण या प्रकरणात ती घाई करू नका, मालकाकडूनच नोंद होऊ द्या.

चौथं, फॉर्म १०-डी. हाच फॉर्म सगळ्या प्रकारच्या मासिक पेन्शनला लागतो, म्हणून दाव्याचा प्रकार निवडताना नीट वाचा. "कमी दराचं पेन्शन" म्हणजे मुदतपूर्व. तुम्हाला "अपंगत्व पेन्शन" हवं. पती-पत्नीचे एकत्र फोटो, आधार, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक, मुलांच्या जन्माचे पुरावे आणि वैद्यकीय कागद जोडा. कुटुंबाच्या रकान्यात कोणालाही वगळू नका. एखादं मूल कायमचं व पूर्ण अपंग असेल तर ते ठळकपणे लिहा. सभासदाच्या पश्चात अशा मुलाला वयाची २५ ची मर्यादा लागत नाही, आणि दोनच मुलांना पेन्शन ही अटही लागत नाही. कंपनी बंद पडली असेल तर फॉर्म राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक यांसारख्या अधिकृत व्यक्तीकडून साक्षांकित करून थेट पीएफ कार्यालयात देता येतो.

पाचवं, वैद्यकीय मंडळ. पीएफ कार्यालय सांगेल त्या मंडळापुढे जावं लागतं. सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. जुन्यातला जुना वर, म्हणजे आजार नोकरीत असतानाच सुरू झाला हे पहिल्या पानावर दिसतं. कामाच्या वर्णनाचा तो कागद इथेही हवा. तब्येतीबद्दल विचारलं की काय करता येत नाही हे कामाच्या भाषेत सांगा: "पाठ दुखते" यापेक्षा "पंधरा मिनिटांवर उभं राहता येत नाही, शिफ्ट आठ तासांची आहे."

मंजुरीनंतर वर्षातून एकदा हयातीचा डिजिटल दाखला द्यावा लागतो. तो ज्या दिवशी दिला तिथून बारा महिने चालतो.

ईएसआय असेल तर आधी तिकडे जा

पगार २१,००० पर्यंत (अपंग कामगारांसाठी २५,००० पर्यंत) असलेले बहुतेक कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असतात, आणि अपघात कामावर झाला असेल किंवा आजार व्यवसायजन्य असेल तर ईएसआयची रक्कम पीएफच्या पेन्शनहून किती तरी मोठी असते.

बरं होईपर्यंत तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के. त्यानंतर मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात कायमचा लाभ आयुष्यभर मिळतो. सरासरी रोज ६०० रुपये आणि नुकसान ४० टक्के ठरलं, तर ६०० च्या ९० टक्क्यांचे ४० टक्के, म्हणजे रोज २१६, महिन्याला सुमारे ६,४८०. नोकरी चालू राहिली तरी हा लाभ मिळतो, निवृत्तीनंतरही मिळतो. यात निवृत्तीच्या वयाचा काही संबंध नाही, आणि त्यामुळे ईपीएसच्या पेन्शनमधून वजावट होत नाही. फक्त त्याच दुखापतीसाठी मालकाकडून कामगार नुकसानभरपाई वेगळी मागता येत नाही. अपघाताचा अहवाल मालकाने २४ तासांत द्यायचा असतो. तो दिला गेलाय ना, हे घरच्यांनी पहिल्या आठवड्यातच विचारावं.

अपंगत्व कामाबाहेरच्या कारणाने आलं असेल तर ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. निदान ४० टक्के कायमचं अपंगत्व आणि दोन वर्षांची वर्गणी असेल तर पहिलं वर्ष पगाराच्या ५० टक्के, दुसरं वर्ष २५ टक्के भत्ता मिळतो. पण स्वेच्छेने किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेतलेल्याला हा भत्ता नाही. पुन्हा तेच: एका ओळीच्या राजीनाम्याने दोन वर्षांचा आधार जातो.

उपचारांचं काय? कामावरच्या दुखापतीने कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तर वर्षाला १२० रुपये भरून, एरवी ज्या तारखेला निवृत्त झाले असते त्या तारखेपर्यंत ईएसआयचे उपचार मिळतात. पाच वर्षांची विमापात्र नोकरी करून मुदतपूर्व निवृत्त झालेल्यालाही तेवढ्याच रकमेत स्वतःसह जोडीदारासाठी सोय आहे. डायलिसिसवर असलेल्या माणसासाठी हे १२० रुपये साऱ्या पेन्शनहून मोलाचे आहेत.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ

ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट अपंगत्वाने सेवा संपल्यास लागत नाही. चार वर्षांनी राजीनामा दिला तर शून्य. त्याच चार वर्षांनी अपंगत्वाच्या कारणाने सेवा संपली तर शेवटचा पगार × १५ ÷ २६ × ४. महागाई भत्त्यासह मूळ पगार २०,००० असेल तर सुमारे ४६,००० रुपये.

पीएफची सगळी रक्कम कायमच्या अक्षमतेच्या वैद्यकीय दाखल्यावर, बेकार राहण्याच्या मुदतीची वाट न पाहता काढता येते. सलग सेवा पाच वर्षांहून कमी असली तरी प्रकृतीच्या कारणाने नोकरी संपली असेल तर त्यावर कर लागत नाही. पीएफ काढताना पेन्शनचा हिस्साही सोबत "काढून टाकण्याचा" पर्याय कोणी टिक करून देत असेल तर थांबवा. तो म्हणजे वरचाच १०-सी.

नोकरी आधीच सुटली असेल तर

दोन शक्यता. आजार नोकरीत असतानाच सुरू झाल्याचे कागद असतील, म्हणजे दवाखान्यात दाखल झाल्याची नोंद, रजेचे अर्ज, तपासण्या, तर त्या तारखांवर आधारित दाखला घेऊन परिच्छेद १५ खाली मागणी करा. अपंगत्व खरोखरच नंतर आलं असेल तर हा दरवाजा बंद. मग १० वर्षांची सेवा असल्यास ५० नंतर मुदतपूर्व किंवा ५८ ला पूर्ण पेन्शन. ५८ ला निवृत्त होणाऱ्या, २० वर्षं पेन्शनयोग्य सेवा झालेल्या सभासदाला हिशेबात दोन वर्षं वाढवून मिळतात. अठरा-एकोणीस वर्षांवर असाल तर राजीनाम्याच्या तारखेचा विचार याही बाजूने करा.

सरकारी नोकरीत असाल तर

तिथे प्रश्नच वेगळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, पदावनत करू शकत नाही. त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं, ते नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य (त्याच्यासाठी वाढवलेल्या जादा) पदावर ठेवायचं. आधीच्या १९९५ च्या कायद्यातही असंच संरक्षण होतं, आणि कुणाल सिंग खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रुग्णता निवृत्तिवेतन (प्रकृतीमुळे सेवा संपल्यावरचं पेन्शन) दिलं म्हणून हे संरक्षण नाकारता येत नाही. जिल्हा परिषद, महापालिका, एसटी अशा ठिकाणी "स्वेच्छानिवृत्ती घ्या" असं तोंडी सुचवलं गेलं, तर आधी पर्यायी पदाची लेखी मागणी करा आणि उत्तर लेखी मागा.

दावा अडकला तर

नाकारल्याचं कारण लेखी घ्या. "मेडिकल कागद अपुरे" असेल तर बहुतेकदा कामाबद्दलचं ते एक वाक्य राहिलेलं असतं, दाखला दुरुस्त करून पुन्हा द्या. ऑनलाइन तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत "निधी आपके निकट" शिबिर असतं. वांद्रे, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर किंवा पणजीच्या कार्यालयापर्यंत जाणं ज्यांना शरीराने झेपत नाही, त्यांच्या घरच्यांनी तिथे कागद घेऊन जावं. तरीही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पीएफचा सभासद हा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार जोशी खटल्यात मान्य केलं आहे.

दावा अडकलेला असताना पैशांची निकड म्हणून मुदतपूर्व पेन्शनचा अर्ज मध्येच टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. त्या काळात पीएफची रक्कम आणि ग्रॅच्युइटी वापरा. अपंगत्व पेन्शन मंजूर झालं की थकबाकी अपंगत्वाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मिळते.